अहोजाहो

"या ना, बसा तुम्ही," असं म्हणून तो खुर्चीतून उठला, आणि उठल्यावर त्याच्या लक्षात आलं की दारात दुसरंतिसरं कुणी नाही, आपली मुलगी उभी आहे. सकाळच्या सरावाहून थेट आलेली, केस ओले, पायात सपाता, हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद. मुलीच्या कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत पहिल्यांदा व्यवस्थापक बाई हसल्या. "बघा, आता बाबासुद्धा मॅडमना अहोजाहो करायला लागले!" वकिलाने टेबलावर थाप मारली. हिशेबनीस जरा उशिरा हसला, कारण मॅडम हसतात का, ते त्याला आधी बघायचं होतं. ती हसली नाही. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, "काय रे बाबा," एवढंच म्हणाली, आणि त्याने रिकाम्या केलेल्या खुर्चीत बसली. मग तोही हसला. आपण गंमत केली असं दाखवायचं म्हणून गरजेपेक्षा जास्तच हसला. खुर्ची अजून आपल्या अंगाने गरम असेल, असं त्याच्या मनात आलं आणि उगीचच त्याला लाज वाटली.

पुढची सगळी बैठक त्याने पाण्यात डोकं बुडवून ऐकावी तशी ऐकली. बुटांच्या तळव्यांचा रंग, नवं दुकान, आणि एका मोठ्या कंपनीचा पुन्हा आलेला निरोप, की निम्मी मालकी आम्हाला द्या, तुमची टिटवी आम्ही जगभर नेतो. टिटवी म्हणजे ती. लहानपणी काटकुळ्या पायांनी अंगणभर धावायची आणि धावताना ओरडायची, म्हणून त्यानेच ठेवलेलं नाव. आता ते बुटांवर होतं, मोज्यांवर होतं, खाली रस्त्यावरच्या पाटीवर होतं. "नाव माझ्याकडेच राहील," मुलगी म्हणाली. बावीस वर्षांची पोर, पण तिने हे वाक्य म्हटलं की पन्नाशीची माणसं माना खाली घालून काहीतरी टिपून घेत. पहिली मोठी शर्यत जिंकली तेव्हा बुटांच्या कंपन्या दारात रांगा लावून होत्या, आणि ही म्हणाली होती, दुसऱ्याचे बूट घालून त्याचं घर मी कशाला भरू? तेव्हा त्यानेच तिला समजावलं होतं की बाई गं, अंथरूण पाहून पाय पसरावेत. ती म्हणाली होती, "पाय माझे आहेत ना बाबा, मग अंथरूण मी विणते." आणि विणलं तिने. टिटवीदेखील समुद्र आटविते, हे तो पुढे लोकांना अभिमानाने सांगत सुटला, आपण विरोध केला होता हे सोयीस्कर विसरून. बैठकीत शेवटचा विषय उरला तो मोठ्या शर्यतीचा, आणि तिथे प्रशिक्षक म्हणून बरोबर कोण जाणार याचा. व्यवस्थापक बाईंनी घसा साफ केला. आजवर प्रशिक्षक तोच होता, पण आता बाहेरचा एक नामांकित माणूस यायला तयार होता, हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही. मुलगी सफरचंदाचा गाभा हातात फिरवत म्हणाली, "हे आज नको. संध्याकाळी मी बाबाशी बोलते."

लिफ्टमधून एकटाच खाली येताना तो आरशात आपल्या तोंडाकडे बघत होता. जिभेला हाड नसतं म्हणतात. नसेल, पण तिला नाक असावं. मालक कुठे आहे ते तिला वासावरून कळतं, कुणी शिकवावं लागत नाही. हे पूर्वी एकदा झालेलं होतं, आणि तेव्हाही त्याने ते ठरवून केलं नव्हतं. तेव्हा तो एका छोट्या कारखान्यात लेथवर होता. म्हाताऱ्या मालकाचा मुलगा शाळा सुटली की तिथे येऊन बसायचा, सगळे त्याला गोट्या म्हणायचे. लोखंड कातताना निघणारे कुरळे, निळसर छिलके त्याला फार आवडत. "ए गोट्या, हात लावशील तर बोटं जातील हां," असं तो त्याच्यावर खेकसायचा आणि थंड झालेले छिलके निवडून त्याच्या ओंजळीत टाकायचा. पुढे म्हाताऱ्याचं एक अंग लुळं पडलं आणि एके सकाळी गोट्या इस्त्रीचा शर्ट घालून केबिनमध्ये बसलेला दिसला. कसलासा सुटा भाग दाखवायला तो आत गेला आणि त्याच्या तोंडून आलं, "हे बघता का तुम्ही जरा?" गोट्याने मान वर केली. दोघेही क्षणभर ओशाळले, मग गोट्याने तो भाग हातात घेतला, आणि ते तसंच ठरून गेलं. त्यानंतर गोट्या त्याला बसायला खुर्ची देऊ लागला. तोपर्यंत त्या केबिनमध्ये कुठल्याही कामगाराला कुणी खुर्ची दिली नव्हती. तो घरी येऊन बायकोला सांगायचा, पोरगा फार गुणी आहे, मला मान देतो. मग थंडीच्या दिवसांत एकदा त्याच खुर्चीत बसवून गोट्या म्हणाला, "काका, खूप केलंत तुम्ही. आता आराम करा." आवाजात खरोखरीची माया होती, हेच त्याला पुढे कितीतरी महिने सहन झालं नाही. शिवी दिली असती तर उलट एक देता आली असती. आराम करा म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

आराम त्याला जमला नाही. घरात बसून भिंती खायला उठल्या, तेव्हा तो शाळेतून येणाऱ्या मुलीला घेऊन मैदानावर जाऊ लागला. धावण्यातलं त्याला शष्प कळत नव्हतं. लेथवर जे करायचा तेच त्याने केलं: रोज तेच, रोज थोडं जास्त, आणि बिघडलं की ओरडायचं. "गाढवे, खांदे खाली! हात झोपले का तुझे?" आठशे मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिली कुणीही धावतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या वळणावर पायांत शिसं ओतल्यासारखं होतं, श्वास घशात खरवडतो, आणि तिथेच, वळणाच्या आतल्या अंगाला गवतात तो उभा राहायचा. ती समोर आली की बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "मर, पण थांबू नकोस!" लोक बघायचे. एकदा एका भल्या बाईने त्याला बाजूला घेऊन विचारलं होतं की मुलगी तुमचीच ना? बायको घरी डोक्याला हात लावायची, "अहो, जन्मदाते आहात की यमदूत?" पण मुलगी थांबायची नाही. शर्यत संपली की गवतावर उताणी पडून धापा टाकत म्हणायची, "बाबा, तू आज नीट ओरडला नाहीस." तीच एक त्याला तू म्हणणारी. बायको अहो म्हणायची, शेजारीपाजारी तुम्ही म्हणायचे, आईवडील जाऊन वर्षं झाली होती. साऱ्या जगात त्याला तू म्हणणारं एकच तोंड उरलं होतं, आणि तो तिला जे तू म्हणायचा त्यात लाड होते, धाक होता, भीतीही होती. एवढं सगळं दुसऱ्या कुठल्या शब्दात मावलं नसतं.

खाली तिची गाडी उभी होती. ती मागून आली, चावी फिरवत म्हणाली, "चल, सोडते घरी." तो पुढच्या सीटवर बसला, पट्टा लावला, आणि त्याला विचारायचं होतं की तू काही खाल्लंस का. तोंड उघडलं आणि शब्द अडला. तू म्हणायला गेलं की सकाळचं तुम्ही मध्ये येऊन उभं राहायचं. आपल्या भाषेत अडलेल्या माणसासाठी एक चोरवाट आहे. नवी सून, नवा जावई, वर्गातला पुढे साहेब झालेला मित्र, यांच्याशी कसं बोलावं ते ठरत नाही तेव्हा सगळे त्याच वाटेने जातात. "काही खायचं का मध्ये?" त्याने विचारलं. "नको," ती म्हणाली. थोड्या वेळाने, "काच खाली करायची का?" मग, "संध्याकाळी किती वाजता निघायचं?" ना तू, ना तुम्ही, वाक्याला हातपाय होते पण तोंड नव्हतं. ती सिग्नलला थांबली तेव्हा तिने वळून त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. पण शेजारच्या गाडीतल्या दोघी मुलींनी तिला ओळखलं, काच खाली करून हात हलवले, एकीने अंगातला शर्ट ताणून छातीवरची अक्षरं दाखवली: थांबू नकोस. मुलगी त्यांच्याकडे बघून छान हसली, आणि सिग्नल हिरवा झाला.

ते दोन शब्दही त्याचेच. कंपनी उभी राहत होती तेव्हा व्यवस्थापक बाईंनी मुलीला विचारलं होतं की धावताना तुझ्या डोक्यात काय चालू असतं, आणि तिने सांगितलं होतं, बाबाचं ओरडणं. 'मर' तेवढं गाळलं. मग थांबू नका की थांबू नकोस यावर दोन दिवस काथ्याकूट झाला. वकील म्हणाला, गिऱ्हाईक आहे, अहोजाहो बरी. बाई म्हणाल्या, नाही, तू मध्ये आपलेपणा आहे, लोकांना घरात असं म्हणणारं हल्ली कुणी उरलेलं नसतं. त्या बरोबर निघाल्या. शर्ट हातोहात गेले. पुढे त्यांनी त्याला एका गाद्या लावलेल्या बंद खोलीत नेलं, कानांवर यंत्र चढवलं आणि ओरडायला सांगितलं. लोक फोन कानाला लावून धावतील, दमले की त्यांना तुमचा आवाज ऐकू येईल. तो ओरडला. काचेपलीकडचा मुलगा म्हणाला, काका, जरा प्रेमाने. तो पुन्हा ओरडला. अजून थोडं प्रेमाने, काका. समोर वळण नव्हतं, पोर नव्हती, शेवटी तो डोळे मिटून ती येते आहे असं धरून चालला आणि ओरडला, तेव्हा कुठे काचेपलीकडून अंगठा वर आला. तेव्हा त्याला मोठं कौतुक वाटलं होतं. आता गाडीत बसल्या बसल्या तो हिशेब मांडू लागला. टिटवी ही हाक विकली गेली, नकोस विकलं गेलं, आणि हे सगळं त्यानेच हौसेने काढून दिलं होतं. वकील एकदा थट्टेत म्हणाला होता, "बाबा, आता घरात टिटवी म्हणून हाक मारलीत तरी आम्हाला विचारावं लागेल हां!" सगळ्यांबरोबर तोही हसला होता. हाक मारायला आता घरात शिल्लक काय होतं? तुम्ही होतं. ते कुणी मागितलं नव्हतं.

दुपारी जेवताना बायको वाढत होती. घर नवीन, मुलीने घेतलेलं, स्वयंपाकघर एवढं मोठं की बायकोला मिठाचा डबा आणायला चालत जावं लागे आणि ती त्याबद्दल रोज खोटी कुरकुर करी. "अजून भाजी घ्यायची का?" त्याने मुलीला विचारलं. "ताक घ्यायचं ना?" बायकोने डाव हवेतच धरला. "अहो, पाहुणीशी बोलताय का? सरळ विचारा की, हवंय का तुला म्हणून." "तेच विचारतोय," तो म्हणाला. मुलगी ताटाकडे बघून जेवत राहिली. मग म्हणाली, "बाबा, तुझे गुडघे कसे आहेत?" त्याच्या अंगावर काटाच आला. गेल्या महिन्यापासून व्यवस्थापक बाई रोज त्याच्या गुडघ्यांची चौकशी करत होत्या, त्याच्यासाठी मैदानाच्या कडेला छत्री आणि खुर्ची ठेवू लागल्या होत्या. खुर्ची. तसली त्याने पूर्वी एकदा पाहिली होती. "उत्तम आहेत," तो म्हणाला, आणि ते सिद्ध करायला म्हणून मांडी मोडून एकदम उठला, तर कळ डोक्यापर्यंत गेली. बायकोला ते दिसलं. मुलीलाही दिसलं असणार.

संध्याकाळी मैदानावर गर्दी नव्हती. धावपट्टीच्या बाहेरच्या गल्ल्यांमधून हौशी लोक कानांत फोनची बोंडं घालून धावत होते. तो खुर्चीत बसला नाही. वळणाच्या आतल्या अंगाला, त्याच्या जागेवर, घड्याळ हातात घेऊन उभा राहिला. सुरुवातीला ती पलीकडच्या सरळ रेषेत सैल धावली, हातपाय झटकले, मग रेषेवर येऊन उभी राहिली आणि त्याच्याकडे बघू लागली. तिथे तो नेहमी म्हणायचा, पळ. एवढासा शब्द, पण त्याला चोरवाट नव्हती. पळायचं, असं म्हणून कुणी पळत नाही. पळ म्हणावं किंवा पळा म्हणावं. ती वाकून तयार झाली होती, पाठीचे मणके शर्टातून दिसत होते. तो तोंड उघडून उभा राहिला आणि मग त्याने टाळी वाजवली. तिने मान किंचित वळवली, आणि निघाली.

ती फार सुंदर धावते, हे त्याला नेहमी उशिरा जाणवायचं, कारण त्याचं लक्ष चुकांवर असायचं. आज चुका दिसेनात. खांदे खाली होते, हात हलके होते, पाय पडत होते ते उचलण्यासाठीच जणू. यातलं आपण तिला काय दिलं, काय ती घेऊनच आली, त्याला सांगता आलं नसतं. बाहेरच्या त्या नामांकित माणसाला आपल्यापेक्षा पुष्कळ कळत असणार. आपण सांगितलेलं श्वासाचं तंत्र चुकीचं होतं, हे तिच्याच डॉक्टरांनी मागे दाखवून दिलं होतं, आणि ती त्यावर त्याला एका शब्दाने बोलली नव्हती. त्याला कळत नव्हतं असं काही नव्हतं. फक्त त्या वळणावर दुसरं कुणी उभं आहे हे चित्र त्याला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं. पहिली फेरी झाली. दुसरी सुरू झाली, पलीकडची सरळ रेषा संपली, आणि ती वळणात शिरली. चेहरा बदलला. ओठ मागे ओढले गेले, मान ताठली, डोळे त्याच्यावर लागले. लहानपणी ताप आला की ती असंच बघायची, काहीतरी कर म्हणून. आता, आता. त्याने छाती भरून घेतली. मनात शब्द अगदी बरोबर होता, वर्षानुवर्षांचा, त्याचा स्वतःचा.

"थांबू नका!"

ती थांबली. अशी एकदम नाही. चार-सहा पावलं तशीच गेली, मग पाय आपोआप सुटल्यासारखे मंदावले, आणि ती वळणाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला धावताना मध्येच थांबलेलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. ओटीपोटात दुखत असताना, पायाचं नख उचकटलं असताना, ती थांबली नव्हती. घड्याळ त्याच्या हातात तसंच पळत होतं. धावणाऱ्यांपैकी एकाने कानातलं बोंड काढून आवाजाच्या दिशेने पाहिलं. तो गडबडीने गवतातून तिच्याकडे गेला. "लागलं का? पाय मुरगळला का? बसायचं का जरा?"

"बाबा," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता, वाक्य तुकड्यातुकड्यांनी येत होतं. "मी सकाळी सांगायला आले होते. त्या सगळ्यांसमोर. की बाहेरचा माणूस नको. बाबाच येईल माझ्याबरोबर. पाठ करून आले होते मी." ती खाली बघू लागली. "आणि तू उठून उभा राहिलास."

"जीभ घसरली गं माझी," तो म्हणाला. गं निघालं होतं, त्याला केवढं बरं वाटलं. "तेवढ्यावरून काय..."

"घसरली तर उचलायची होती ना. दिवसभर वाट बघितली मी. गाडीत, जेवताना. एकदा शिवी देशील, कार्टे म्हणशील. तू घाबरलास मला." तिने मनगटाने डोळे पुसले, घाम होता की काय होतं. "मला घाबरणारी माणसं आहेत रे भरपूर. त्यांना मी पगार देते. श्वास कसा घ्यायचा ते सांगणारेही मिळतील. मला ओरडणारं एक माणूस हवं होतं."

तो बोलायला गेला. एवढंच म्हणायचं होतं की पळ. जा, पळ पुन्हा, गाढवे, अर्धी फेरी कोण सोडतं? शब्द समोर दिसत होते, पाटीवर लिहिल्यासारखे. तिने वाट पाहिली. खरोखर पाहिली, श्वास खाली येईपर्यंत, दूर मैदानाचे दिवे लागेपर्यंत. त्याच्या घशातून "नाही, म्हणजे, काय आहे..." असं काहीतरी निघालं आणि तिथेच विरलं. छिलके वेचणारा गोट्या उगीचच आठवला, त्याची ती उघडी ओंजळ.

मग ती पुढे आली. त्याच्या हातातलं घड्याळ तिने हळूच काढून घेतलं, बंद केलं. आवाज अगदी मऊ होता, व्यवस्थापक बाईंना शिकवूनही आला नसता एवढा.

"दमलात तुम्ही बाबा," ती म्हणाली. "आता आराम करा."

तो "बरं" म्हणाला. मान हलवून, दोन्ही हात पोटाशी धरून "बरं, येतो" म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला. छत्रीखालची खुर्ची वाटेत होती, तिला वळसा घालून गेला. फाटकाशी पोचल्यावर त्याने मागे पाहिलं. ती पुन्हा रेषेवर उभी होती. खिशातून बोंडं काढून कानांत घालत होती. तिथून पुढे तिला काय ऐकू येणार ते त्याला माहीत होतं. गाद्यांच्या खोलीत, डोळे मिटून, तिलाच समोर धरून तो ओरडला होता. ती निघाली. दुसऱ्या फेरीच्या वळणापर्यंत तो तिथेच उभा राहिला. वळणावर तिने कुणाकडेही पाहिलं नाही, आणि ती थांबली नाही.

घरी बायको दारातच उभी होती. नव्या घराला केवढं थोरलं दार, त्यात ती लहान दिसायची. "आलात? एकटेच? बोलणं झालं का? काय म्हणाली?"

त्याने चपला काढल्या, जागेवर नीट लावून ठेवल्या.

"आराम करा म्हणाल्या," तो म्हणाला.